क्वीनबाहेरचा फ्रेडी

फ्रेडी मर्क्युरीचे नाव घेताच रॉक संगीताच्या चाहत्यांना आठवते ती १३ जुलै १९८५ ची संध्याकाळ. लंडनच्या वेम्ब्ले स्टेडियमवर इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ‘लाइव्ह एड’ची मैफल चालू होती. पांढरी बनियन आणि फिकट निळी जीन्स घातलेला मिशाळ गायक रंगमंचावर आला आणि अवघ्या वीस मिनिटांत त्याने समोरचे सत्तर हजारांहून अधिक श्रोते आपलेसे केले. त्या वीस मिनिटांविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्याच फ्रेडीचा ‘मिस्टर बॅड गाय’ हा पहिला स्वतंत्र अल्बम त्याआधी अडीच महिने, २९ एप्रिल १९८५ रोजी, बाजारात आला होता. त्याच्या वाट्याला मात्र तेव्हा फारसे कौतुक आले नाही. एका यशस्वी चमूतला सर्वांत तेजस्वी गायक एकटा उभा राहिला तर त्याचे काय होते, याची ती कसोटी होती.

फ्रेडीचे मूळ नाव फारोख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबार बेटावरील स्टोन टाऊन येथे एका पारशी कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील बोमी बुलसारा ब्रिटिश वसाहत सरकारच्या सेवेत रोखपाल होते. घराण्याचे मूळ गुजरातमधील बलसाडचे, आडनावही त्या गावावरूनच आलेले. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून वयाच्या आठव्या वर्षी त्याला बोटीने मुंबईला आणि तेथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पाठवण्यात आले.

सह्याद्रीच्या माथ्यावरील त्या वसतिगृहात फारोखचा फ्रेडी झाला. आईवडील समुद्रापलीकडे असल्याने सुट्ट्या बहुधा मुंबईतील नातेवाइकांकडे जात. शाळेत तो पियानो शिकला, चौथ्या श्रेणीपर्यंतच्या परीक्षा उत्तीर्ण झाला आणि वृंदगायनात गाऊ लागला. टेबल टेनिस आणि मुष्टियुद्धातही त्याला गती होती. पुढे चार मित्रांना जमवून त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. त्या काळी रेडिओवर गाजणारी पाश्चात्त्य गाणी ही मुले शाळेच्या समारंभांत वाजवीत. त्या चमूत फ्रेडी पियानोवर असे. एखादे गाणे एकदा ऐकले की ते जसेच्या तसे वाजवण्याचे कसब त्याच्या अंगी तेव्हापासूनच होते.

१९६३ च्या सुमारास तो झांझिबारला परतला आणि पुढच्याच वर्षी तेथे रक्तरंजित क्रांती झाली. बुलसारा कुटुंबाने हाती लागेल ते घेऊन इंग्लंड गाठले. लंडनच्या विमानतळाजवळील फेल्टम या उपनगरात नवा संसार मांडला गेला. फ्रेडीने ईलिंगच्या कला महाविद्यालयातून ग्राफिक आर्टची पदविका मिळवली, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले, काही लहानसहान चमूंतून गाऊन पाहिले. १९७० मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली. चमूचे नाव त्यानेच सुचवले, बोधचिन्ह त्यानेच रेखाटले आणि स्वतःचे आडनावही मर्क्युरी असे बदलून घेतले. पुढच्या वर्षी जॉन डीकन हा बास गिटारवादक आला आणि चौकडी पूर्ण झाली.

‘क्वीन’चा पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे. हार्ड रॉकच्या धारदार गिटारला एकावर एक चढवलेल्या स्वरांच्या मनोऱ्यांची जोड देणे, ही या चमूची खासियत. १९७५ मध्ये आलेले, सुमारे सहा मिनिटांचे ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हे फ्रेडीचे गाणे इतके लांब होते की ते रेडिओवर लागणार नाही, असे जाणकारांचे मत होते. ते नऊ आठवडे ब्रिटनच्या यादीत अग्रस्थानी राहिले. ‘वुई आर द चॅम्पियन्स’ने तर क्रीडांगणांवर कायमचे घर केले.

मात्र या चमूची घडण वेगळी होती. चौघेही गीतकार होते आणि चौघांचीही मते ठाम होती. सत्तरच्या दशकात आपल्या अल्बमवर सिंथेसायझर वापरलेला नाही, असे ते वेष्टनावर अभिमानाने छापत. फ्रेडीचा ओढा मात्र हळूहळू नृत्यसंगीताकडे वळू लागला होता. १९८२ च्या ‘हॉट स्पेस’मध्ये त्या ओढीचा प्रत्यय आला आणि गिटारप्रेमी चाहते नाराज झाले. चमूतही कुरबुरी वाढल्या. अखेर चौघांनी काही काळ विश्रांती घ्यायचे ठरवले. रॉजर टेलरने १९८१ मध्येच स्वतःचा अल्बम काढला होता, ब्रायन मेचाही एक प्रकल्प १९८३ मध्ये आला. आता पाळी फ्रेडीची होती.

त्याने मुक्काम हलवला म्युनिकला. तेथील अराबेला या उंच इमारतीच्या तळघरात ‘म्युझिकलँड’ हा स्टुडिओ होता. ‘क्वीन’चे ध्वनिमुद्रण तेथे पूर्वी झालेले असल्याने जागा ओळखीची होती आणि निर्माता राइनहोल्ड मॅक हाही विश्वासातला. म्युनिकमध्ये फ्रेडीला रस्त्याने मोकळेपणी हिंडता येई, लंडनच्या वृत्तपत्रांचा ससेमिरा तेथे नव्हता. रात्री क्लबमध्ये आणि दिवस स्टुडिओत, अशा क्रमाने १९८३ ते १९८५ या काळात हा अल्बम आकाराला आला. मध्येच ‘क्वीन’चे अल्बम आणि दौरेही चालू असत, त्यामुळे काम रखडत गेले.

अकरा गाणी, आणि ती सर्वच्या सर्व एकट्या फ्रेडीची. साथीला ‘क्वीन’चे सहकारी नव्हते, म्युनिकमधील व्यावसायिक वादक होते. ज्या सिंथेसायझरला पूर्वी मज्जाव होता, तोच आता मुख्य वाद्य झाला. शीर्षकगीतात त्याने पूर्ण ऑर्केस्ट्रा उभा केला. ‘माय लव्ह इज डेंजरस’ रेगेच्या संथ ठेक्यावर सुरू होते आणि मध्येच हार्ड रॉकचा अवतार धारण करते. ‘लिव्हिंग ऑन माय ओन’मध्ये शब्द सोडून देऊन त्याने केवळ अक्षरांशी खेळत केलेली गायकी जाझची आठवण करून देते. वरवर पाहता ही नाचाची गाणी. मात्र जरा लक्ष देऊन ऐकले तर त्यांतून पुनःपुन्हा एकटेपण डोकावते. हजारोंच्या गर्दीसमोर हुकमत गाजवणारा हा माणूस प्रेम टिकत नसल्याची कबुली येथे देतो. ‘देअर मस्ट बी मोअर टू लाइफ दॅन धिस’ हे गाणे त्याने १९८३ मध्ये मायकेल जॅक्सनच्या घरच्या स्टुडिओत त्याच्याबरोबर गायले होते. ते काम अपुरे राहिले आणि अल्बमवर फ्रेडीने ते एकट्यानेच गायले. अल्बमची अर्पणपत्रिका त्याने आपल्या मांजरांच्या नावे लिहिली, यातही त्याचा मिस्कील स्वभाव दिसतो आणि कदाचित थोडे एकटेपणही.

ब्रिटनमध्ये अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ हे गाणे अकराव्या स्थानावर थांबले. अमेरिकेत तर अल्बम पहिल्या शंभरातही आला नाही. एखाद्या नवख्या गायकाने याचा सोहळा केला असता, पण ‘क्वीन’च्या गायकाकडून अपेक्षा वेगळ्या होत्या. समीक्षकांना ब्रायन मेच्या गिटारची उणीव जाणवली. फ्रेडीच्या आवाजाला भिडणारे, प्रसंगी त्याला अडवणारे कोणी येथे नव्हते. जे बंधन त्याला जाचत होते, त्याच बंधनातून त्याची उत्तम गाणी घडली होती. अडीच महिन्यांनी वेम्ब्लेवर तो पुन्हा त्या तिघांसमवेत उभा राहिला, तेव्हा साऱ्या जगाला त्याचा प्रत्यय आला. चमू तुटता तुटता सावरला तो त्या दिवशी.

तरीही एकट्याने काही करून पाहण्याची त्याची उमेद संपली नव्हती. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसमध्ये स्पॅनिश गायिका मोन्सेरा काबाये हिला ऐकल्यापासून तो तिचा निस्सीम चाहता झाला होता. मार्च १९८७ मध्ये बार्सिलोनातील एका हॉटेलात दोघांची भेट झाली. एका गाण्यापुरता असलेला बेत तिच्या आग्रहामुळे पूर्ण अल्बमपर्यंत गेला. संगीतकार माइक मोरान याच्या साथीने फ्रेडीने ‘बार्सिलोना’ रचला. त्याच सुमारास त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. त्या काळी या रोगावर परिणामकारक औषध नव्हते. आपल्या हाती किती वेळ आहे हे ठाऊक नसताना त्याने ऑपेरासारख्या अनोळखी प्रांतात पाऊल टाकले. ऑक्टोबर १९८८ मध्ये तो अल्बम प्रकाशित झाला आणि त्याच महिन्यात बार्सिलोनात काबायेबरोबर सादर केलेला कार्यक्रम हा त्याचा रंगमंचावरील शेवटचा कार्यक्रम ठरला.

पुढची तीन वर्षे त्याने ‘क्वीन’ला दिली. शरीर थकत गेले, आवाज मात्र अखेरपर्यंत शाबूत होता. मित्रांनी गाणी रचावीत आणि त्याने उभे राहण्याचे त्राण असेल त्या दिवशी ती गाऊन ठेवावीत, असे काम स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथे चालले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजाराची जाहीर वाच्यता केली आणि दुसऱ्याच दिवशी केन्सिंग्टनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. जगभर निराळ्याच नावाने वावरलेल्या या मुलाला पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हणत निरोप दिला, तेव्हा त्याचे वृद्ध आईवडील तेथे उपस्थित होते.

त्यानंतर त्याच्या एकट्याच्या गाण्यांचे दैव पालटले. १९९२ मध्ये बार्सिलोनात ऑलिंपिक भरले आणि ‘बार्सिलोना’ हे गाणे ब्रिटनमध्ये दुसऱ्या स्थानावर पोहोचले. १९९३ मध्ये ‘लिव्हिंग ऑन माय ओन’ची नव्याने सजवलेली आवृत्ती तेथे पहिल्या क्रमांकावर गेली. १९९५ मध्ये उरलेल्या तिघांनी ‘मेड इन हेवन’ हा ‘क्वीन’चा अल्बम पूर्ण केला. त्यात ‘मिस्टर बॅड गाय’मधली दोन गाणी होती. फ्रेडीचा आवाज मूळचाच ठेवून त्याभोवती तिघांनी नव्याने वाजवले. दहा वर्षांपूर्वी समीक्षकांना जी गिटार ऐकू आली नव्हती, ती आता आली. २०१९ मध्ये मूळ अल्बमही नव्या ध्वनिमिश्रणासह पुन्हा प्रसिद्ध झाला.

२६ मे १९९९ रोजी बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानावर युरोपीय फुटबॉलचा अंतिम सामना होता. सामन्याआधी काबाये मैदानात आली आणि तिने ‘बार्सिलोना’ गायले. फ्रेडीच्या ओळी आल्या, तेव्हा त्याचा मुद्रित आवाज मैदानभर घुमला. तो जाऊन साडेसात वर्षे लोटली होती.