रमाबाईंची शिकवणी आणि रमाबाईंचा वर्ग

आपल्या मंडळात एखादी भगिनी नवी भाषा शिकायची म्हणाली, की पहिला प्रश्न ठरलेला असतो. घरी शिकवणी लावावी की चारचौघींबरोबर वर्गात जावे? शिकवणीत आपल्यापुरते नीट शिकायला मिळते आणि चुकले तरी कोणी हसत नाही. वर्गात सोबत मिळते, खर्चही कमी येतो. पण इतक्या जणींसमोर तोंड उघडायचे कसे, हा संकोच असतो. या प्रश्नाचा विचार करताना कै. रमाबाई रानडे यांचे चरित्र डोळ्यांसमोर येते. त्या स्वतः शिकल्या त्या घरच्या शिकवणीत, आणि उभे आयुष्य खर्ची घातले ते वर्ग चालविण्यात.

रमाबाईंचा जन्म 1862 साली देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकरांच्या घराण्यात झाला. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरात रीत नव्हती. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह माधवराव रानडे यांच्याशी झाला. माधवराव त्या वेळी एकतीस वर्षांचे, विद्वान म्हणून नाव मिळविलेले न्यायाधीश. आणि त्यांच्या पत्नीला स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते. माधवरावांनी लग्न झाल्याबरोबर धुळाक्षरांपासून आरंभ केला. दिवसभराची कचेरी आटोपली, की रात्री ते पत्नीला शिकवायला बसत. पुढे मराठी शिकविण्यासाठी एक शिक्षिकाही घरी येऊ लागली.

मराठी वाचता येऊ लागल्यावर इंग्रजीची पाळी आली. माधवरावांची बदली नाशिकला झाली, तेथे घरात माणसे थोडी. त्यामुळे अभ्यास बरा चालला. इंग्रजीचे धडेही माधवरावच देत. त्यांच्यासारखा गुरू घरातच मिळावा हे भाग्यच. चूक तेथल्या तेथे सुधारली जाई, नेमलेला धडा चुकवायची सोय नसे, आणि शिष्या एकच असल्यामुळे गुरूचे सगळे लक्ष तिच्याकडेच असे. शिकवणीचा जो खरा गुण, तो रमाबाईंना पुरेपूर लाभला.

परंतु पुण्यास परत आल्यावर त्याच शिकवणीची दुसरी बाजू त्यांच्या वाट्यास आली. मिस हरफर्ड नावाच्या इंग्रज बाई त्यांना शिकविण्यास घरी येऊ लागल्या. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. मडमेजवळ बसून उठले की सोवळ्याओवळ्याचा प्रश्न येई, कधी आंघोळ करावी लागे, आणि दिवसभर टोमणे ऐकावे लागत ते वेगळेच. रमाबाई उलट उत्तर देत नसत. वडिलांचा मान राखायचा आणि पतीची इच्छाही मोडायची नाही, अशा दोन्हीकडच्या ओढाताणीत त्यांचा अभ्यास चालू राहिला. घरात एवढ्या बायका असूनही बरोबर धडा म्हणणारी, आज मलाही हे जमले नाही असे सांगणारी त्यांत एकही नव्हती. हा एकटेपणा शिकवणीतला कितीही चांगला गुरू भरून काढू शकत नाही.

याच सुमारास, 1882 साली, पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाज सुरू झाला. रमाबाई रानडे त्याच्या सभांना जाऊ लागल्या. घरचा राग त्यामुळे वाढला. पण आपल्यासारख्याच आणखीही स्त्रिया शिकत आहेत, हे तेथे डोळ्यांनी पाहता आले. पुढे पुण्यात मुलींच्या हायस्कुलासाठी खटपट सुरू झाली, तेव्हा गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यासमोर भरसभेत इंग्रजी निवेदन वाचण्याचे काम रमाबाईंनी केले. 1884 साली ते हायस्कूल निघाले. आज आपण त्यास हुजूरपागा म्हणून ओळखतो. दहा-अकरा वर्षांपूर्वी जिला अक्षर माहीत नव्हते, तिने हे करून दाखविले. त्याबद्दल घरी शाबासकी मिळाली नाही, बोलणीच खावी लागली. आणि तीही त्यांनी मुकाट्याने सोसली.

1886 साली माधवराव सरकारी कामासाठी कलकत्त्यास गेले, तेव्हाची एक आठवण मोठी गोड आहे. माधवरावांनी बंगाली शिकायचे मनावर घेतले आणि दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारायला आरंभ केला. रमाबाईंना हसू आले, थोडे अवघडही वाटले. तेव्हा दत्तात्रेयांनी चोवीस गुरू केले होते याची माधवरावांनी त्यांना आठवण दिली. मग रमाबाईही बंगाली वाचायला शिकल्या. भाषा शिकणाऱ्याने कोणाकडूनही घेण्यास लाजू नये, हा धडा त्या घरी असा हसतखेळत मिळाला.

पुढे मुंबईच्या मुक्कामात त्यांनी हिंदू लेडीज सोशल क्लब काढून स्त्रियांसाठी भाषण करण्याचे, विणकामाचे आणि शिवणाचे वर्ग चालविले. 1901 साली माधवराव गेले आणि रमाबाई पुण्यास राहिल्या. 1909 साली पुणे सेवासदन सुरू झाले ते त्यांच्याच राहत्या घरी. गोपाळ कृष्ण देवधरांनी चिटणीसपद सांभाळले आणि अध्यक्षस्थानी रमाबाई होत्या. प्रौढ स्त्रिया, लहानपणी शाळा न पाहिलेल्या सासुरवाशिणी, विधवा भगिनी तेथे एका बैठकीवर बसून शिकू लागल्या. जिच्या घरी न्यायाधीश पती नाही आणि शिक्षिकेला पगार देण्याची ऐपत नाही, तिने शिकायचे कोठे, या प्रश्नाला रमाबाईंनी दिलेले हे उत्तर होते. 1924 साली त्यांचे देहावसान झाले, तोपर्यंत हेच काम त्यांनी केले. 1910 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक आजही वाचले जाते. एकेकाळच्या त्या निरक्षर मुलीच्या हातून मराठीला मिळालेले हे लेणे आहे.

तेव्हा भगिनींनो, शिकवणी की वर्ग, या वादाचा निकाल रमाबाईंच्या आयुष्यात असा लागतो. पाया पक्का करायला, उच्चार सुधारायला, मागे राहिलेले भरून काढायला जवळ बसून शिकविणारे माणूस हवे. मग तो पती असो, मुलगी असो की शेजारीण असो. पण शिकलेले टिकवायला आणि ते चारचौघांत धीटपणे बोलायला बरोबरीच्या मैत्रिणी हव्यात. आणि जिला शिकवणी परवडत नाही तिच्यासाठी वर्गाचे दार उघडे असलेच पाहिजे. ज्या भगिनीला थोडे येते तिने जिला येत नाही तिला शेजारी बसवून घेतले, तर आपल्या मंडळाच्या एकाच सतरंजीवर शिकवणी आणि वर्ग दोन्ही नांदतील.