गरिबीचा जमाखर्च मांडणारा प्राध्यापक

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

कापूस विकून झाला की आमच्या घरी हिशेबाची बैठक बसते. वडिलांना लिहिता येत नाही, म्हणून वही माझ्याकडे असते. बियाणे, खत, फवारणी, वेचणीची मजुरी, सोसायटीचे कर्ज असे आकडे मी लिहीत जातो आणि शेवटी हाती काय उरले ते वाचून दाखवतो. पीक तर बरे आले होते, मग पैसा गेला कुठे, हा वडिलांचा दरवर्षीचा प्रश्न असतो. व्यापाऱ्याचे उत्तरही ठरलेले: बाहेरच्या देशात भाव पडला. अर्थशास्त्राच्या तासाला दादाभाई नौरोजींविषयी ऐकले, तेव्हा वाटले की हाच प्रश्न या माणसाने एका अख्ख्या देशाच्या वतीने विचारला होता. म्हणून आपल्या वार्षिकासाठी त्यांच्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहे.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ रोजी एका गरीब पारशी कुटुंबात झाला. ते चार वर्षांचे असतानाच वडील वारले. आई माणेकबाई निरक्षर होत्या. पण मुलाला शिकवायचेच, हा त्यांचा निश्चय होता. सुदैवाने त्या वेळी मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत फी पडत नसे. फी असती तर दादाभाई शिकले नसते, आणि पुढचे काहीच घडले नसते. आपले शिक्षण लोकांच्या पैशातून झाले, तेव्हा त्याची परतफेड लोकांच्या सेवेतूनच केली पाहिजे, ही जाणीव त्यांनी जन्मभर बाळगली. फ्रीशिपचा अर्ज भरून वर्गात बसणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते.

एल्फिन्स्टन संस्थेत त्यांनी शिक्षण पूर्ण केले. सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना विलायतेला कायदा शिकण्यास पाठवावे म्हणून निम्मा खर्च देऊ केला होता, पण मुलगा धर्म बदलील या भीतीने समाजातील वडीलधाऱ्यांनी ते होऊ दिले नाही. १८५० मध्ये ते एल्फिन्स्टनमध्येच सहायक प्राध्यापक झाले व पुढे गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांचे प्राध्यापक झाले. तेथे हा मान मिळालेले ते पहिले भारतीय होत. तत्पूर्वी १८४९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत मराठी आणि गुजराती मुलींसाठी शाळा सुरू केल्या. घरोघर जाऊन मुली गोळा करायच्या आणि स्वतः फुकट शिकवायचे, असा तो उद्योग होता. १८५१ मध्ये त्यांनी 'रास्त गोफ्तार' हे पत्र काढले.

१८५५ मध्ये कामा आणि कंपनीचे भागीदार म्हणून ते इंग्लंडला गेले. अफू आणि दारूच्या व्यापारातला नफा त्यांच्या मनाला पटेना, तेव्हा ते त्या पेढीतून बाहेर पडले आणि १८५९ मध्ये त्यांनी स्वतःचा कापसाचा व्यापार थाटला. इंग्लंडमध्ये वावरताना एक गोष्ट त्यांना डाचू लागली. इकडे गिरण्या, गोद्या, पेढ्या वाढत होत्या. तिकडे हिंदुस्थानात दुष्काळामागून दुष्काळ पडत होते. एकाच राज्याची ही दोन टोके. यांचा एकमेकांशी काही संबंध असेल काय?

साहेबाचे उत्तर तयार असे. हिंदुस्थानचा माणूस आळशी आहे, लग्नात उधळतो, लोकसंख्या फार आहे. दादाभाई गणिताचे प्राध्यापक. त्यांनी भाषण ठोकण्याऐवजी आकडे मागितले, आणि तेही सरकारचेच. प्रत्येक प्रांतात किती एकर पीक, एकरी उत्पन्न किती, भाव काय, याचा त्यांनी गुणाकार मांडला. सरकारी सरासरीतली चूकही त्यांनी दाखवली. एका जिल्ह्यात शंभर एकर आणि दुसऱ्यात दहा हजार एकर असताना दोन्हींचे दर नुसते मिळवून दोनने भागले, तर उत्तर खोटे येते. शेती, खाणी, कारखाने सर्व धरून १८६७-६८ या वर्षाचे ब्रिटिश हिंदुस्थानचे उत्पन्न त्यांनी सुमारे ३४ कोटी पौंड काढले. लोकसंख्या होती १७ कोटी. म्हणजे माणशी दोन पौंड, त्या वेळचे वीस रुपये, तेही वर्षाचे.

मग त्यांनी तुरुंगांचे अहवाल उघडले. प्रांतोप्रांती एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करते ते पाहिले. तो आकडा वीस रुपयांहून अधिक निघाला. चोराला सरकार जे देत होते, तेवढेही कष्टकऱ्याच्या वाट्याला येत नव्हते. याहून कठोर टीका शब्दांनी करता आली नसती.

आता प्रश्न असा की पैसा गेला कुठे? दादाभाईंच्या विवेचनाचा गाभा येथे आहे. कोणताही देश माल परदेशी विकतो, तेव्हा त्याच्या बदल्यात माल किंवा सोनेचांदी घरी येते. हिंदुस्थानातून दरसाल जाणारा माल येणाऱ्या मालाहून कितीतरी अधिक होता, पण फरकाची पुरती भरपाई परत येत नव्हती. लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शने, कर्जावरील व्याज, हे सारे हिंदी रयतेच्या करांतून जाई. आगगाडीच्या कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी होती. तोटा आला तर तो रयतेचा, नफा आला तर भागधारकाचा. गोरे अधिकारी पगारातून शिल्लक टाकून मायदेशी पाठवीत, ते वेगळेच. यालाच आपण संपत्तीचे अपहरण किंवा निःसारण म्हणतो. पैसा नुसता गेला असता तर एका वर्षाचे नुकसान झाले असते. पण भांडवलच गेल्यामुळे पुढच्या वर्षी विहीर खणायला, कारखाना काढायला काही उरत नव्हते. दारिद्र्य असे साठत जाते.

हे सांगण्यासाठी ते लोकांच्या दारात गेले. १८७३ मध्ये पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. १८७४ मध्ये बडोद्याचे दिवाण झाले, पण दरबारी कारस्थानांमुळे लवकरच ते पद सोडले. १८८६ ची निवडणूक ते इंग्लंडमध्ये हरले. पुढे खुद्द पंतप्रधान लॉर्ड सॉल्झबरी यांनी जाहीर सभेत त्यांच्या काळ्या वर्णाचा उल्लेख केला. दादाभाई चिडले नाहीत, घरीही परतले नाहीत. १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ते अगदी मोजक्या मतांनी निवडून आले. पुढच्याच वर्षी, आय.सी.एस.ची परीक्षा हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव कॉमन्स सभेत संमत झाला. सरकारने तो अमलात आणला नाही. ती परीक्षा येथे सुरू झाली १९२२ मध्ये, दादाभाईंच्या मृत्यूनंतर. १८९३ मध्येच त्यांचा मुलगा वारला. तरी काम थांबले नाही. १९०१ मध्ये त्यांचे सारे आकडे, लेख व पत्रे ग्रंथरूपाने लंडनला प्रसिद्ध झाली.

दादाभाईंच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. इंग्रजाला खरे आकडे दाखवले की तो न्याय करील, यावर त्यांनी फार वर्षे विसंबून काढली. शिवाय रयतेची लूट केवळ लंडनहून होत नव्हती. गावातला सावकार आणि कचेरीतला कारकून शेतकऱ्याला कसा नाडतो, हे महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये त्याच काळात मांडले होते. दोघांना एकत्र वाचल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. मात्र दादाभाई शेवटपर्यंत शिकत राहिले. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली. ३० जून १९१७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

साम्राज्य गेले, पण प्रश्न गेला नाही. २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार गरीब देशांनी जागतिक व्यापार संघटनेत तक्रार मांडली. श्रीमंत देश आपल्या कापूस उत्पादकांना भरमसाट अनुदान देतात, त्यामुळे जगाच्या बाजारात भाव पडतो आणि आमचा शेतकरी मरतो, असे त्यांचे म्हणणे होते. ब्राझीलने तर अमेरिकेविरुद्ध दावाच लावला, आणि २००४ मध्ये तेथील बरीचशी अनुदाने नियमबाह्य ठरली. म्हणजे आमचा व्यापारी म्हणतो त्यात थोडे तथ्य आहे. पण किती, आणि मधल्या मध्ये कोणाचे किती, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. दोष सगळा बाहेरच्यांवर ढकलणे जितके सोपे, तितकेच नशिबावर ढकलणेही सोपे. दादाभाईंनी या दोन्ही वाटा टाळल्या.

यंदा हिशेबाची वही घेऊन बसेन, तेव्हा वडिलांच्या प्रश्नाला गप्प बसणार नाही. निदान एकेक रकाना भरून पाहीन. निरक्षर आईच्या मुलाने एका साम्राज्याचा हिशेब तपासला. आपल्याला आपल्या घरचा आणि गावचा तरी तपासता यायला हवा.