यीस्टमधून जीवदान शोधणाऱ्या लुसी विल्स

इंग्लंडमध्ये १८८८ साली जन्मलेल्या लुसी विल्स यांनी केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्राचे आणि पुढे लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले. १९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. गरीब वस्त्यांतील गर्भवतींचा जीव घेणारा रक्तक्षय हे त्या काळी कोडेच होते. या स्त्रियांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या आढळत. विल्स यांनी त्याचे कारण त्यांच्या ताटात शोधले. भाजीपाला, फळे व प्रथिने यांचा तेथे तुटवडा होता. तशाच निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांनाही रक्तक्षय झाला आणि मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने तो बरा झाला. रुग्ण स्त्रियांनाही त्याचा गुण आला. हे संशोधन १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले.

यीस्टमधील हा घटक म्हणजे फोलेट, हे पुढे उमगले. अन्न आटताच यीस्टची पेशी प्रथिने घडविणाऱ्या रायबोसोमची निर्मिती आवरते, वाढ थांबविते आणि तग धरते. अस्थिमज्जेतील पेशीचे तसे नाही. फोलेटअभावी तिच्यात डीएनए बनणे रखडते, प्रथिने मात्र बनतच राहतात. पेशी फुगते, पण विभागत नाही. मोठ्या पेशींचे रहस्य हेच होते.

विल्स यांचे १९६४ मध्ये निधन झाले. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत आज गर्भवतींना मोफत मिळणाऱ्या लोह व फोलिक अ‍ॅसिडच्या गोळीत त्यांचे कार्य जिवंत आहे.