उसना डोळा

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातली ही गोष्ट आहे. लंडनमधल्या एका नेत्रशल्यचिकित्सकाकडे विस्कटलेल्या केसांचा, चष्मा लावलेला एक स्कॉटिश माणूस आला. त्याला स्वतःचे डोळे तपासून घ्यायचे नव्हते. शस्त्रक्रियेत एखाद्या रुग्णाचा डोळा काढावा लागलाच, तर तो आपल्याला मिळावा, एवढीच त्याची विनंती होती. काही काळाने तसा डोळा मिळाला. तो घेऊन हा गृहस्थ टॅक्सीने प्रयोगशाळेत पोहोचला आणि त्याने तो आपल्या यंत्रात बसवला. निसर्गाने घडवलेल्या डोळ्याइतके प्रकाशाला संवेदनशील दुसरे काही नाही, मग यंत्राला तोच डोळा का लावू नये, असा त्याचा विचार होता. दुसऱ्या दिवशी तो डोळा निकामी झाला. हा उद्योग किळसवाणा होता आणि त्यातून काहीही हाती लागले नाही, हे त्याने पुढे मोकळेपणाने मान्य केले.

हा माणूस म्हणजे दूरचित्रवाणीचा एक जनक, जॉन लोगी बेअर्ड.

डॉक्टरच्या नजरेतून पाहिले तर प्रयोग का फसला हे सहज कळते. डोळ्याच्या मागच्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात, सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात. प्रकाश पडला की त्यांच्यात रासायनिक बदल होतो, त्यातून विद्युतसंदेश निर्माण होतो आणि तो सुमारे १० ते १२ लाख चेतातंतूंमधून मेंदूकडे जातो. या पेशींना प्राणवायू प्रचंड लागतो. रक्तपुरवठा थांबला की त्या फार काळ तग धरत नाहीत. शिवाय पाहण्याचे खरे काम मेंदू करतो, डोळा त्याला फक्त माहिती पुरवतो. डोळ्याच्या पुढचे पारदर्शक बुबुळ मात्र रक्तवाहिन्यांशिवाय जगते. म्हणूनच मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रदान झाले तर ते बुबुळ दुसऱ्याला दृष्टी देऊ शकते. दृष्टिपटलाचे तसे नाही. बेअर्ड यांनी उसना आणलेला डोळा यंत्रासाठी पाहील, हे शक्यच नव्हते.

पण दुरून पाहण्याची ही ओढ त्यांना लागली कुठून?

१३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधील हेलन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावी एका धर्मोपदेशकाच्या घरी जॉनचा जन्म झाला. चार भावंडांत तो धाकटा. अगदी लहानपणी एका गंभीर आजारातून तो वाचला, पण प्रकृती कायमची नाजूक राहिली. सर्दी, पडसे आणि थंड पडणारे पाय यांनी त्याची आयुष्यभर पाठ सोडली नाही. घरात बसून राहणाऱ्या या मुलाला तारा आणि विजेचे वेड लागले. त्याने आपल्या घरापासून मित्रांच्या घरांपर्यंत तारा ओढून छोटे दूरध्वनी केंद्रच उभारले. एका वादळी रात्री खाली लोंबणाऱ्या तारेत एक गाडीवान अडकून पडला आणि ते केंद्र बंद करावे लागले. जॉन मग घरात विजेचे दिवे लावण्याच्या मागे लागला.

ग्लासगोत विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीसाठी ते गेले, तेव्हा प्रकृतीमुळे त्यांना अपात्र ठरवण्यात आले. मग एका वीज कंपनीत नोकरी धरली. तिथे कोळशापासून हिरे बनवण्यासाठी त्यांनी इतका मोठा विद्युतप्रवाह सोडला की परिसरातली वीजच गेली. मूळव्याधीवर स्वतः तयार केलेले मलम त्यांनी स्वतःवरच वापरून पाहिले आणि पुढचा आठवडाभर त्यांना बसता आले नाही. असे मलम घरी करून पाहणारे रुग्ण आजही आमच्याकडे येतात, त्यांच्यासाठी हा किस्सा मुद्दाम सांगितला.

एक धंदा मात्र चालला. स्वतःच्या गार पायांवर उपाय म्हणून त्यांनी बोरॅक्सची पूड लावलेले आतले मोजे बाजारात आणले आणि त्यात बऱ्यापैकी पैसा मिळवला. नंतर ऊब शोधत ते वेस्ट इंडीजमधील त्रिनिदादला गेले. तिथे मुरंब्याचा कारखाना काढला, पण पाकावर किड्यांच्या झुंडी तुटून पडल्या. आजारी पडून ते परतले. साबणाचा व्यापार केला, त्यातही प्रकृतीने दगा दिला. १९२३ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ते हवापालटासाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्जला आले. हाती पैसा नव्हता, नोकरी नव्हती आणि शरीरही साथ देत नव्हते. दूरचित्रवाणीचे काम त्यांनी नेटाने हाती घेतले ते इथे.

मूळ कल्पना त्यांची नव्हती. पॉल निपको या जर्मन विद्यार्थ्याने १८८४ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. एका गोल तबकडीवर कडेपासून आत येणारी, गोगलगाईच्या शंखासारखी वळत जाणारी छिद्रांची रांग असते. तबकडी फिरली की प्रत्येक छिद्र समोरच्या दृश्याची एक ओळ वाचते. उजेड आणि सावलीनुसार प्रकाशघटातून कमीजास्त वीज वाहते. दुसऱ्या टोकाला त्याच वेगाने फिरणाऱ्या तबकडीमागचा दिवा त्या विजेनुसार मंद किंवा प्रखर होतो. कोणत्याही क्षणी प्रत्यक्षात एकच ठिपका उजळलेला असतो. पण ठिपके झपाट्याने बदलले की आपला डोळा आणि मेंदू त्यांना सुटे ओळखू शकत नाहीत, सगळे मिळून एक चित्र दिसते. यंत्राचे निम्मे काम पाहणाऱ्याचा डोळाच करतो. निपकोच्या काळी अडचण एवढीच होती की निर्माण होणारी वीज अतिशय क्षीण असे आणि ती वाढवण्याचे साधन नव्हते. बेअर्ड यांच्या काळापर्यंत रेडिओचे व्हॉल्व्ह आले होते.

हेस्टिंग्जमधले यंत्र पाहून कोणाला ते शास्त्रीय उपकरण वाटले नसते. टोपीचे खोके, चहाची पेटी, विणकामाच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे, लाख आणि डिंक अशा सामानातून ते उभे राहिले होते. १९२४ च्या सुरुवातीला त्यावर हलत्या सावल्या दिसू लागल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये सुमारे हजार व्होल्टचा धक्का बसून बेअर्ड फेकले गेले. हात भाजले, पण जीव वाचला. घाबरलेल्या मालकाने जागा सोडायला सांगितली आणि त्यांनी लंडनच्या सोहो भागात, फ्रिथ स्ट्रीटवर पोटमाळ्याच्या खोल्या घेतल्या.

२ ऑक्टोबर १९२५ रोजी तिथे एका बोलक्या बाहुल्याचे डोके पडद्यावर दिसले. सावलीच्या पलीकडे जाऊन त्याचे नाक, डोळे, उजेडाच्या छटा स्पष्ट दिसत होत्या. बेअर्ड जिना उतरून खाली धावले आणि खालच्या कार्यालयात काम करणाऱ्या विल्यम टेंटन या वीस वर्षांच्या तरुणाला ओढत वर घेऊन आले. त्याला यंत्रासमोर बसवून ते पडद्याकडे गेले, तर तिथे काहीच दिसेना. दिव्यांची धग सहन न होऊन पोरगा मागे सरकला होता. बेअर्ड यांनी त्याच्या हातावर अडीच शिलिंग ठेवले, पुन्हा पुढे बसवले आणि जीभ बाहेर काढायला, मान हलवायला सांगितले. दूरचित्रवाणीवर दिसलेला पहिला माणूस डॉक्टरसमोर बसावा तसा जीभ दाखवत होता!

२६ जानेवारी १९२६ रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनचे सुमारे चाळीस सदस्य त्या अरुंद जिन्यावरून छोट्या छोट्या गटांनी वर आले आणि त्यांनी हे दृश्य स्वतः पाहिले. त्यानंतरची दोन-तीन वर्षे बेअर्ड थांबलेच नाहीत. १९२७ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून लंडनहून ग्लासगोला चित्र गेले. फेब्रुवारी १९२८ मध्ये ते अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळ पोहोचले. त्याच वर्षी जुलैत रंगीत चित्र दाखवून झाले. अंधारात अवरक्त किरणांनी पाहण्याचा प्रयोगही त्यांनी केला. १९२९ पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून त्यांचे प्रायोगिक कार्यक्रम सुरू झाले.

पण हे चित्र होते अवघ्या ३० ओळींचे, म्हणजे जेमतेम दोन हजार ठिपक्यांचे. सेकंदाला साडेबारा चित्रे येत, त्यामुळे ते लपलपत असे. चित्र सुधारायचे तर जास्त छिद्रे हवीत. छिद्रे वाढली की ती बारीक होतात आणि उजेड कमी येतो. तबकडी आणखी मोठी आणि वेगवान करावी लागते. धातूच्या तबकडीला वजन असते, तिच्या वेगाला मर्यादा असते. इलेक्ट्रॉनच्या झोताला असली कोणतीच अडचण नसते. अमेरिकेत फिलो फार्न्सवर्थ या एकवीस वर्षांच्या तरुणाने सप्टेंबर १९२७ मध्येच फिरत्या भागांशिवाय चित्र पाठवून दाखवले होते.

निकाल लागला १९३६ मध्ये. २ नोव्हेंबरपासून बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित दूरचित्रवाणी सुरू केली. बेअर्ड कंपनीची २४० ओळींची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ ओळींची इलेक्ट्रॉनिक पद्धत आठवड्याआड वापरायचे ठरले. बेअर्ड यांच्या स्टुडिओत आधी फिल्मवर चित्रीकरण होई, ती फिल्म मिनिटाभरात धुऊन ओलीच यंत्रात जाई. कॅमेरा जागचा हलवता येत नसे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला लंडनचा क्रिस्टल पॅलेस जळाला आणि तिथल्या बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा आगीत सापडल्या. फेब्रुवारी १९३७ पर्यंत बीबीसीने त्यांची पद्धत सोडून दिली होती. दुसरे महायुद्ध सुरू होताच कंपनीही बुडाली.

इथे एखाद्याने हाय खाल्ली असती. बेअर्ड यांनी स्वतःची शिल्लक खर्चून घरीच प्रयोग चालू ठेवले. ज्या इलेक्ट्रॉनिक तंत्राने त्यांना हरवले होते, तेच आता त्यांनी हाती घेतले. ऑगस्ट १९४४ मध्ये, लंडनवर बॉम्ब पडत असताना, त्यांनी संपूर्ण इलेक्ट्रॉनिक रंगीत चित्रनळी चालवून दाखवली. शरीराने मात्र हिशेब मांडला होता. १९४६ च्या फेब्रुवारीत त्यांना पक्षाघाताचा झटका आला. युद्धामुळे बंद असलेली बीबीसीची दूरचित्रवाणी ७ जूनला पुन्हा सुरू झाली आणि आठवड्याने, १४ जूनला, बेक्सहिल या किनाऱ्यावरच्या गावी बेअर्ड गेले. वय होते ५७.

त्यांची तबकडी आज फक्त संग्रहालयात आहे. मग त्यांच्या कुतूहलाचे चीज झाले का? मला वाटते, झाले, आणि जिथे त्यांनी कल्पनाही केली नसेल तिथे झाले.

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी आणखी एक पेटंट घेतले होते. काचेच्या बारीक कांड्यांची किंवा नळ्यांची मोळी बांधायची. एका टोकावर चित्र पडले की प्रत्येक कांडी आपला एकेक ठिपका दुसऱ्या टोकाला नेईल, असा तो विचार होता. दूरचित्रवाणीला त्याचा उपयोग झाला नाही. पण १९३० मध्ये म्युनिकमधील हाइनरिख लाम या वैद्यकीय विद्यार्थ्याने काचतंतूंच्या अशाच जुडीतून दिव्याच्या तारेचे चित्र पलीकडे नेऊन दाखवले. त्याला माणसाच्या पोटात पाहायचे होते. १९५४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स आणि पंजाबातील मोगा येथे जन्मलेले आपले नरिंदरसिंग कपानी यांनी हे तंत्र पुढे नेले. १९५७ मध्ये अमेरिकेत बेसिल हर्शोविट्झ यांनी काचतंतूंची लवचीक दुर्बीण आधी स्वतः गिळली आणि मग रुग्णासाठी वापरली. पूर्वी जठरातला अल्सर क्ष-किरणांच्या छायाचित्रावरून ओळखावा लागे किंवा ताठ नळी घशातून घालावी लागे. आता तो समोर दिसू लागला. रक्तस्राव नेमका कुठून होतो ते कळले, गाठीचा तुकडा काढून कर्करोग लवकर ओळखता येऊ लागला.

पुढे दुर्बिणीच्या टोकाशीच प्रकाशाची वीज करणारी इवलीशी चकती बसली. काचतंतू आता आत उजेड नेण्याचे काम करतात आणि चित्र तारेवरून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर येते. डोळ्याच्या जागी यंत्राचा डोळा, आणि त्याला दिसलेले दूरच्या पडद्यावर. उसना डोळा आणून बेअर्ड यांना जे साधायचे होते, ते हेच.

आमच्या सरकारी रुग्णालयात पोटाच्या दुर्बिणीसाठी येणारे बहुतेक जण घाबरलेले असतात. हात थंडगार, मान आखडलेली. नळी आत गेल्यावर ओकारी येते, डोळ्यांत पाणी येते. आणि तरीही पडद्यावर लालसर, ओलसर चमकणारे स्वतःचेच जठर दिसू लागले, की कितीतरी रुग्ण डोळ्याच्या कोपऱ्यातून तिकडे बघत राहतात.