वसईचे गोन्सालो गार्सिया
इंदूरचे मल्हारगंज ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते मल्हारराव होळकर १७३९ च्या वसई मोहिमेत लढले होते. त्याच वसईत १५५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मले. पिता पोर्तुगीज, माता एतद्देशीय. जपानात जाऊन ते तेथील भाषा शिकले, व्यापारातही रमले. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन बंधू झाले. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून ते हिदेयोशीच्या दरबारी गेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २५ सोबत्यांसह त्यांना क्रुसावर चढविण्यात आले. संतपद लाभले ते १८६२ साली. आज वसईतील महाविद्यालय आणि किल्ल्यातील चर्च त्यांचे नाव धारण करतात. मल्हाररावांच्या पराक्रमाचा अभिमान वाहणाऱ्यांनीही या भूमिपुत्रास परका लेखण्याचे कारण आम्हांस दिसत नाही.