हिंदुस्थान मोजणारे लॅम्बटन

नवी मुंबई वसवण्यासाठी १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेण्याचे ठरले. खाडीकाठच्या भातशेतांवर आणि मिठागरांवर रस्ते व इमारती उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी जुन्या शेताची हद्द शोधणे अवघड असते. बांध मोडलेला असतो, हद्दीचा दगड भरावाखाली गेलेला असतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद एवढीच जागा. दगड दोन हात सरकला तरी शेजाऱ्यांत भांडण जुंपते. अशा वेळी मोजणीदार न हललेल्या खुणा शोधतो. जुनी विहीर, देऊळ, मशीद किंवा शाबूत राहिलेले दुसरे दगड तो पाहतो. नकाशातील अंतरे घेऊन तो तेथून मोजत येतो. खुणा पक्क्या असतील तर हरवलेला बिंदू सापडतो.

साऱ्या देशासाठी अशा पक्क्या खुणा ठरवण्याचे काम विल्यम लॅम्बटन यांनी सुरू केले.

लॅम्बटन मूळचे इंग्लंडमधील यॉर्कशायरचे. ते सैन्यात होते. १७९९ मध्ये टिपू सुलतानांविरुद्धच्या लढाईत तेही लढले. टिपू सुलतान शहीद झाले आणि म्हैसूरचा मोठा मुलूख कंपनीच्या ताब्यात आला. मुलूख जिंकला, पण त्याचा नीट नकाशा कंपनीजवळ नव्हता. कंपनीला नकाशा हवा होता तो राज्य करण्यासाठी आणि सारा वसूल करण्यासाठी. लॅम्बटन यांना मात्र आणखी एक ध्यास होता. पृथ्वीचा नेमका आकार त्यांना जाणून घ्यायचा होता.

१८०२ मध्ये त्यांनी मद्रासजवळ एक सरळ रेषा मोजली. ती सुमारे साडेसात मैल लांब होती. तेवढ्यासाठी ५७ दिवस लागले! साखळी पोलादाची होती. उन्हाने पोलाद वाढते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवत आणि शेजारी तापमापक ठेवत. या रेषेच्या दोन्ही टोकांवरून त्यांनी दूरच्या टेकडीचा कोन मोजला. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. मग नवी बाजू धरून पुढचा त्रिकोण. असे त्रिकोण जोडत ते मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत गेले. दोन किनाऱ्यांमधले अंतर ४०० मैल समजत होते. ते ३६० मैलच निघाले.

कोन मोजण्याचे त्यांचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर ते चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे मोठे चक्र वाकले. दुसरे यंत्र विलायतेहून यायला फार काळ लागला असता. लॅम्बटन यांनी स्वतःला तंबूत कोंडून घेतले. सुमारे सहा आठवडे ते पाचर आणि लाकडी हातोडीने चक्र थोडे थोडे सरळ करत राहिले. यंत्र पुन्हा चालू झाले.

लोकांना या कामाचा संशय येई. डोंगरावर दुर्बीण लावून हे साहेब घरांतल्या बायकांकडे पाहतात, असे अनेकांना वाटे. परक्या फौजेतला माणूस दुर्बीण रोखून बसला, तर दुसरे काय वाटणार?

ऊन, पाऊस, ताप सोसत लॅम्बटन वीस वर्षे तंबूंत राहिले. त्रिकोणांची माळ दक्षिणेच्या टोकापासून विदर्भापर्यंत आली. हैदराबादहून नागपूरकडे जाताना, जानेवारी १८२३ मध्ये, हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर वर्धा जिल्ह्यातील त्याच गावी आहे.

त्यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम हाती घेतले. लॅम्बटन यांचे जुने यंत्र आता झिजले होते. ते दुरुस्त करणाऱ्यांत अर्काटचे कारागीर सय्यद मीर मोहसीन हुसेन होते. पुढे ते मोजणी खात्याचे मुख्य यंत्रकार झाले. १८४१ मध्ये हिमालयाच्या पायथ्यापर्यंतची त्रिकोणांची ही माळ पूर्ण झाली.