कार्ल लिनियस आणि रानस्ट्रॉबेरी

स्वीडन देशाच्या दक्षिणेस स्मोलंड नांवाचा प्रांत आहे. तेथें जंगलांच्या कडेला, दगडी बांधांवर आणि झाडांच्या विरळ सांवलींत एक ठेंगणी वनस्पति जमिनीला बिलगून वाढते. तिला तीन तीन पानांचे झुबके, पांच पाकळ्यांचीं पांढरीं फुलें आणि उन्हाळ्यांत करंगळीच्या नखाएवढीं तांबडीं, सुवासिक फळें येतात. ही रानस्ट्रॉबेरी होय. त्या देशांतील मुलें तिचीं फळें गवताच्या काडींत ओंवून माळ करितात. महाबळेश्वराची मोठी स्ट्रॉबेरी निराळी. ती अमेरिकेंतील दोन जातींच्या संकरापासून अठराव्या शतकांत युरोपांत निपजली. आम्हांस येथें सांगावयाचें आहे तें रानांतल्या या लहानग्या जातीविषयीं, व तिला शास्त्रांतलें नांव देणाऱ्या पुरुषाविषयीं.

कार्ल लिनियस याचा जन्म १७०७ च्या मे महिन्यांत याच प्रांतीं झाला. त्याचे वडील निल्स हे पाळक असून बागेचे मोठे शोकी होते. मूल रडूं लागलें कीं त्याच्या हातीं एखादें फूल द्यावें आणि तें उगें राहावें, असें त्या घरीं चाले. पुढें वडिलांनीं त्याला बागेंत स्वतःचा एक वाफा तोडून दिला. येथूनच तंट्यास आरंभ झाला! कार्ल रानांत जाई व दिसेल तें रोप उपटून आपल्या वाफ्यांत आणून लावी. रानटी रोपांना वाफ्याची मर्यादा कसली? तीं वडिलांच्या निवडक झाडांत शिरत, आणि तीं उपटतां उपटतां त्या सज्जनाच्या नाकीं नऊ येत. कार्लनें रानमाशाहि आणल्या. त्यांनीं वडिलांच्या पोळ्यांची नासाडी केली.

आई पाळकाची मुलगी होती. थोरल्या मुलानेंहि पाळक व्हावें, एवढीच तिची इच्छा. परंतु वेक्शो येथील शाळेंत कार्लचें लक्ष पुस्तकांपेक्षां शेताच्या बांधावर अधिक. १७२६ साली वडील चौकशीस गेले, तेव्हां शिक्षकांनीं स्पष्ट सांगितलें कीं, या मुलास विद्या येणें नाहीं. त्यास शिंप्याच्या अगर मोच्याच्या हाताखालीं ठेवावें हें बरें. आम्ही स्वतः शिक्षक आहों, व हें वाचतांना आमची मान खालीं जाते. तथापि त्याच शाळेंत शिकविणारे रोथमन नांवाचे वैद्य होते. त्यांनीं मुलगा वैद्यकांत नांव काढील असें सांगून त्याला आपल्या घरीं ठेवून घेतलें व वनस्पतिशास्त्राचे धडे दिले.

वडिलांचें समाधान झालें. आईचें झालें नाहीं. या बागेनेंच मुलगा बिघडविला असें तिला वाटे, म्हणून धाकट्या सॅम्युएलला तिनें फुलांजवळ जाण्याची मनाई केली. सॅम्युएल खरोखरच पाळक झाला, आणि तो मधमाश्यांचा जाणता म्हणून प्रसिद्धीस आला, हा भाग वेगळा. आई १७३३ साली वारली. कार्लचा पहिला मोठा ग्रंथ हॉलंडांत छापला गेला तो १७३५ साली. दोन वर्षांची चुकामूक! तिनें तो पाहिला नाहीं. वडील १७४८ पर्यंत जगले. मुलगा १७४१ पासून उप्साला विद्यापीठांत अध्यापक असलेला त्यांनीं पाहिला.

लिनियसचें कार्य तें काय? त्याच्यापूर्वीं एकेका वनस्पतीचें लॅटिन नांव म्हणजे ओळभर वर्णन असे. त्यानें १७५३ च्या ग्रंथांत प्रत्येकीस दोन शब्दांचें नांव दिलें. आपला आंबा मॅंजिफेरा इंडिका झाला तो तेव्हांच, आणि रानस्ट्रॉबेरी फ्रागारिया व्हेस्का झाली तीहि तेव्हांच. फुलांतील पुंकेसर मोजून त्यानें तिला गुलाबाच्या पंक्तींत बसविलें. आजहि ती गुलाबाच्याच कुळांत आहे.

या फळाशीं त्याचा आणखीहि एक संबंध जडला. १७५० साली त्याला गाउट म्हणजे वातरक्ताची तीव्र कळ लागली; झोंप उडाली. अशांत त्यानें रानस्ट्रॉबेरी खाल्ली आणि त्याला आराम पडला. तेव्हांपासून दर उन्हाळ्यांत तो तीं फळें पोटभर खाई व आपला रोग त्यांनींच हटला असें मानी. १७७२ साली त्याच्या एका शिष्यानें या फळावर प्रबंधहि सादर केला. मात्र अशी कळ आठपंधरा दिवसांत पुष्कळदां आपोआपहि ओसरते, तेव्हां एकट्याच्या अनुभवावरून औषध सिद्ध होत नाहीं. इतका चिकित्सक पुरुष येथें थोडा भाबडा झाला असें आम्हांस वाटतें; पण दुखणेकऱ्याला तेवढी मुभा असावी.

१० जानेवारी १७७८ रोजीं तो वारला; उप्सालाच्या महामंदिरांत त्याचें दफन झालें.

युरोपांतील बागांतून आतां ही रानस्ट्रॉबेरी झुडपांखालीं मुद्दाम लावितात. तिच्या बुडाशीं सुतासारखे लांब धुमारे फुटून ते जमिनीवरून सरपटत जातात. पेरापाशीं मुळें धरून नवें रोप उभें राहतें. अशानें थोड्याच काळांत उघडी माती झांकली जाते, तिची ओल टिकते व तण कमी माजतें. लहानशी सांवलीहि तिला चालते. फुलांवर माश्या येतात, फळांवर पांखरें येतात. एवढेंच कीं, दर वर्षीं कांहीं धुमारे खुडावे लागतात, नाहीं तर ती शेजारच्या वाफ्यांत शिरते.